कुलूप, किल्ली आणि सकळ लिपी

रहस्यकथांतील गुप्त चिठ्ठी या विषयावर काही टीकात्मक लिहावे, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मी तत्काळ होकार दिला, आणि तिथेच फसलो. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, शाळेत मी मराठी शिकवतो, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पांघरुणात लपवून वाचण्यात माझे बालपण गेले. तेव्हा आठ पाने भरणे जड जाण्याचे कारण नव्हते. परंतु गुप्त चिठ्ठीची परीक्षा करायची तर ती लिहितात कशी आणि फोडतात कशी, हे तरी ठाऊक हवे. तबल्याला हात न लावता मैफलीवर अभिप्राय देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर नको म्हणून मी ही विद्या शिकायला बसलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्या बसण्याला आता दीड वर्ष होऊन गेले, आणि लेख संपादकांच्या हाती पडला तो एक दिवाळी चुकवून.

प्रारंभ मी सगळेच करतात तसा केला : स्वतःची एक लिपी बनविली. लहानपणी आम्ही 'च'ची भाषा बोलत असू. 'पाणी' म्हणायचे तर पहिल्या अक्षराच्या जागी 'च' घालायचा आणि ते अक्षर शेवटी न्यायचे, म्हणजे 'चाणीपा'. घरातल्या मोठ्या माणसांना ती कळत नाही, अशी आमची पक्की समजूत होती. त्यांनीही लहानपणी तीच बोललेली होती, हे पुष्कळ उशिरा कळले. आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाची लिपी अधिक प्रौढ असणार. 'क'ला त्रिकोण, 'ख'ला चंद्रकोर, 'ग'ला माशाचे शेपूट, असे करीत मी सगळी वर्णमाला पालटून टाकली. काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र चिन्हे दिली. त्या लिपीत एक पानभर मजकूर लिहून तो फळ्याशेजारी टांगला आणि फोडणाऱ्याला नवी वही जाहीर केली.

आमचे गाव धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पारोळ्याच्या पुढे आहे. मुले घरी अहिराणी बोलतात, वर्गात पुस्तकी मराठी. मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "गुरुजी, हाई ते सोपं शे," तो म्हणाला. "परतेक वाक्यना शेवट तेच तीन चिन्हं शेतस." मग मराठीवर येत म्हणाला, "तुम्ही प्रत्येक वाक्य 'आहे'वरच सोडता."

त्या तीन चिन्हांतून त्याला 'आ', 'ह' आणि मात्रा मिळाली. मात्रेवरून 'होते' सापडले, 'ह'वरून 'नाही' आणि 'आम्ही'. घंटा होईपर्यंत अर्धे पान त्याने वाचून दाखविले. वही त्याला दिली. माझ्या चार कादंबऱ्यांवर आजवर जे अभिप्राय छापून आले, त्यांत इतका नेमका अभिप्राय दुसरा नव्हता.

हे झाल्यावर मी एडगर ॲलन पो यांची 'द गोल्ड बग' ही १८४३ सालची कथा पुन्हा वाचली. गुप्त लिपीच्या कथांचे कूळ बहुतेक याच कथेपाशी जाऊन पोचते. किड नावाच्या चाच्याने पुरलेला खजिना, चर्मपत्रावरचा अंकांचा आणि चिन्हांचा मजकूर, आणि तो फोडणारा लेग्रांड. कथा म्हणून तिच्यात दोष पुष्कळ आहेत. नोकराचे पात्र तर आज वाचवत नाही. परंतु एक गोष्ट पो यांनी प्रामाणिकपणे केली आहे : लेग्रांड वाचकासमोर बसून मोजतो. कोणते चिन्ह किती वेळा आले याचे कोष्टक मांडतो. सर्वांत अधिक आलेले चिन्ह इंग्रजीतले 'ई', आणि पुन्हा पुन्हा येणारी तीन चिन्हांची जोडी म्हणजे 'द' हा शब्द. तिथून दार उघडते. गंमत अशी की, इंग्रजी अक्षरांच्या वापराचा जो क्रम पो यांनी लेग्रांडच्या तोंडी घातला आहे, त्यात 'टी' हे अक्षर दहावे येते. वास्तविक ते दुसरे. स्वतःच्याच क्रमावर लेग्रांड विसंबून राहता, तर खजिना जमिनीतच राहिला असता. त्याला वाचविले ते 'द' या शब्दाने. म्हणजे इंग्रजांचे 'द' आणि आमचे 'आहे' ही एकाच जातीची चोरवाट.

मोजण्याची ही युक्ती पो यांची नव्हे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल् किंदी या पंडिताने ती लिहून ठेवली आहे. अक्षराचे रूप पालटले तरी त्याची सवय पालटत नाही, एवढेच तिचे मर्म. मला हे मर्म समजले तेव्हा मी एक वेडेपणा केला. माझ्याच एका कादंबरीची दहा पाने घेऊन अक्षरे मोजली. कान्याचे चिन्ह सगळ्यांच्या कितीतरी पुढे. त्यामागून 'त', 'र', 'य', 'ल', 'न' अशी मंडळी. इथपर्यंत मराठी भाषेची सवय. पण अक्षरे संपवून शब्द मोजायला घेतले तेव्हा माझी सवय दिसू लागली. 'मात्र' हा शब्द जिथे तिथे. 'क्षणभर' तर इतक्या वेळा की, माझ्या पात्रांना दीर्घकाळ काही करताच येत नसावे. एका प्रकरणात नायिकेचे डोळे सात वेळा भरून आले होते. टीकाकारांनी माझ्या भाषेला 'संयत' म्हटले होते. मोजणीने सांगितले की, ती आळशी आहे. गुप्त लिपी फोडण्याचे शास्त्र हे टीकेचेच एक अंग आहे, अशी माझी समजूत झाली ती त्या रात्री.

कोनन डॉइल यांची १९०३ सालची 'नाचणारी माणसे' ही शेरलॉक होम्सची कथा पो यांच्या कथेची नात शोभेल. इथेही अक्षरांऐवजी चित्रे, हात-पाय उडविणारी छोटी माणसे. इथेही 'ई'चा शोध आणि मोजदाद. बहुतेक वाचक या उकलीलाच डोक्यावर घेतात. मला वाटते, या कथेचा खरा जीव पुढे आहे. होम्सला लिपी उमगते, परंतु तोवर ज्याने त्याच्याकडे धाव घेतली तो हिल्टन क्युबिट गोळी लागून मेलेला असतो. मग होम्स त्याच नाचणाऱ्या माणसांच्या लिपीत एबी स्लेनीला 'ताबडतोब इकडे ये' अशा अर्थाची चिठ्ठी पाठवितो, आणि तो निर्ढावलेला गुन्हेगार निःशंकपणे चालत येतो. का येतो? ही लिपी एल्सीखेरीज इथे कुणाला येत नाही, म्हणून चिठ्ठी एल्सीचीच, हा त्याचा भरवसा. मजकूर लपविणे आणि मजकूर कुणाचा आहे याची खात्री पटविणे, ही दोन कामे निराळी आहेत. एका लिपीने दोन्ही होतात असे स्लेनीने मानले. डॉइल यांनी या फरकावर एक वाक्यही खर्च केलेले नाही, पण कथेचा शेवट त्यावरच उभा आहे. हा फरक मला पुढे घरात भोगावा लागला, त्याविषयी नंतर सांगतो.

इंग्रजीत या विद्येचा इतिहास सांगणारे सायमन सिंग यांचे 'द कोड बुक' हे १९९९ सालचे पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. पुस्तक रसाळ आहे, वाचकाला थकू देत नाही. तक्रार एकच : त्यात प्रत्येक प्रकरण कोणा ना कोणा प्रज्ञावंताच्या हातून पार पडते, आणि वाचणारा मास्तर मनातल्या मनात लहान होत जातो. अशा वेळी मला देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची आठवण येते. मास्तरकी सांभाळून त्यांनी ६१७४ या आकड्याचे नवल जगाला दाखविले. असो. पण त्या पुस्तकात मला जे सापडले नाही, त्यासाठी दूर जावे लागले नाही. ते धुळ्यात होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या मागे पुढच्याच वर्षी उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ तिथे आहे. आमच्या बाजूच्या माणसांना राजवाडे म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची साधने, बाडे-दप्तरे आणि विलक्षण स्वभाव, एवढेच ठाऊक असते. महानुभाव पंथाच्या गुप्त लिपीची उकल पंथाबाहेरच्या अभ्यासकांसाठी त्यांनी केली, हे मी पन्नास माणसांना विचारले. दोघांनी हो म्हटले.

महानुभावांचे वाङ्मय म्हणजे मराठी गद्याचा पाया. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केल्या, ते 'लीळाचरित्र'. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ नावाच्या लिपीत लिहावयास घेतले. तिचे श्रेय रवळोबासांना देतात. सुंदरी आणि इतरही अनेक लिप्या होत्या, पण सर्वांत अधिक चालली ती सकळ. तिचे सूत्र माझ्या त्रिकोण-चंद्रकोरीचेच : एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे, आणि नित्य येणाऱ्या शब्दांना संक्षेप. पंथाची मंडळी पंजाबात आणि त्याही पलीकडे गेली, पोथ्या बरोबर गेल्या. बाहेरच्या मराठी वाचकाला मात्र त्या उघडता येईनात. परिणाम असा झाला की, एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिणाऱ्यांपुढे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ नव्हताच. तो होता, पण कुलूपबंद होता.

लिपी म्हणून सकळ कच्ची आहे. 'लीळाचरित्रा'त प्रत्येक आठवणीत 'सर्वज्ञ म्हणाले' अशा अर्थाचे शब्द फिरून फिरून येतात. राजवाड्यांच्या जागी मी असतो, तर तोच धागा प्रथम ओढला असता. आणि माझा आठवीतला विद्यार्थी असता तर त्याने तो मधल्या सुट्टीत ओढला असता. तरीही ही लिपी साडेपाचशे वर्षे टिकली. ती टिकली याचे कारण तिचा अवघडपणा नव्हे. फोडण्याइतकी गरज कुणाला वाटली नाही, आणि आत काय आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून ती टिकली.

महानुभावांना दोष देणे सोपे आहे, आणि तो अनेकांनी दिलाही आहे. मला त्यात घाई दिसते. यादवांचे राज्य बुडालेले, पंथावर लोकांचा रोष, ग्रंथ भलत्यांच्या हाती पडून त्यांत घालघुसड होण्याचे भय. अशा वेळी माणसे आपले धन पुरून ठेवतात. लिपीने पाठ जपला, हे कबूल केले पाहिजे. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना काम करता आले ते या जपणुकीमुळेही. माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे. या लिपीत गुपित लिपीच्या रचनेतच होते. रचना एकदा कळली की, पंथाच्या सगळ्या मठांतल्या सगळ्या पोथ्या एकदम उघड्या. एकच कुलूप, आणि गावातल्या प्रत्येक घराला तेच.

ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात जो नियम मांडला, त्यापासून ही विद्या अर्वाचीन झाली असे मी मानतो. नियम साधा आहे. कुलुपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावे ते किल्लीत, आणि किल्ली पाहिजे तेव्हा बदलता यावी. वाचताना मी दोनदा थांबलो. आपल्याकडे वैद्याचा काढा, दलालाची रुमालाखालची बोटे, सोनाराची डाग घडविण्याची हातोटी, सगळ्यांत रचनाच झाकलेली. धनी गेला की विद्या गेली. हा फ्रेंचांचा मास्तर (तोही शाळेत भाषाच शिकवीत असे) म्हणतो, रचना चव्हाट्यावर मांडा, शंभर शहाण्यांना फोडू द्या, आणि जी फुटणार नाही तिच्यावर विश्वास टाका.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली सिद्ध केले की, किल्ली मजकुराइतकीच लांब असेल, मनमानी आकड्यांची असेल आणि एकदाच वापरून फेकली जाईल, तर तो मजकूर ब्रह्मदेवालाही फुटणार नाही. अडचण एवढीच की, ती लांबलचक किल्ली पलीकडच्या माणसाला आधी पोचवायची कशी? डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली उत्तर काढले : परस्परांना कधी न भेटलेली दोन माणसे सगळ्यांदेखत बोलून आपसांत एक गुपित ठरवू शकतात. हे समजावताना दोन कुलपांच्या पेटीचा दृष्टांत सर्रास देतात. मी पेटीला माझे कुलूप लावून पाठवितो. तुम्ही त्यावर तुमचे लावून परत करता. मी माझे काढतो. मग तुम्ही तुमचे काढता. किल्ली कुणीच कुणाला दिली नाही. दृष्टांत सुबक आहे, मुलांना फार आवडतो, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. दुसरे कुलूप तुम्हीच लावले, वाटेतल्या हमालाने नव्हे, हे मला कुणी सांगितले? नाचणाऱ्या माणसांचाच प्रश्न.

माझी थोरली बहीण जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात असते. मेहुणे गेल्यापासून शेती तीच पाहते. गेल्या वर्षी कापसाचे पैसे तिच्या खात्यात आले आणि आठ दिवसांत तिला फोन आला. बोलणारा अदबीने बोलत होता, नाव घेऊन बोलत होता; खाते बंद पडेल, फोनवर आकडा येईल तेवढा वाचून दाखवा, म्हणाला. अक्काने चष्मा शोधला आणि आकडा वाचून दाखविला. कापसाचे पैसे गेले, ते परत आलेले नाहीत. मी धावत गेलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. म्हणाली, "भाऊ, साहेब माणूस विचारत होता. त्याला नाही कसं म्हणायचं?"

त्याच आठवड्यात मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ऐकवीत होतो की, हल्ली फोनवरून जाणारा निरोप मधल्या मध्ये कुणाला फोडता येत नाही. ते खोटे नव्हते. अक्काच्या बाबतीतही कुणी काही फोडले नाही. कुलूप शाबूत होते. किल्ली तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि ती सांगण्याची सवय तिला आपण सगळ्यांनी लावलेली होती : तलाठी विचारील ते सांगायचे, मास्तर विचारील ते सांगायचे, साहेबापुढे उभे राहून सांगायचे. 'आहे'सारखी ही सवय कुठल्या कोष्टकात धरायची? मी वाचलेल्या एकाही रहस्यकथेत अक्का नाही. तिथे नेहमी लिपीच फुटते.

पुढले काही दिवस मी ही पुस्तके उघडली नाहीत. पुन्हा धरली ती चाळीसगावच्या वाटेने. पाटणादेवीच्या डोंगरात पाटण इथला शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी; त्याने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी इथे मठ स्थापला. लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा बराच भाग संस्कृत आहे, परंतु दानाची कलमे जुन्या मराठीत आहेत. दगडावर, देवळात, सर्वांना दिसेल असे लिहिले आहे की, इथे गणित शिकवायचे आणि त्याला अमुक-अमुक उत्पन्न लावून दिले आहे. सकळ लिपीच्या आधी दीडशे वर्षे आमच्याच मुलखात असे घडले होते.

तिथून येताना एसटीत मी 'लीलावती'चे मराठी भाषांतर चाळीत होतो. त्यात कुट्टक नावाचे प्रकरण आहे. उदाहरण असे : २२१ ला अशा संख्येने गुणा की, त्यात ६५ मिळविल्यावर १९५ ने निःशेष भाग जावा. उत्तर ५. रीत आर्यभटापासून चालत आलेली, भागाकारामागून भागाकार करीत आकडे कुटून बारीक करायचे. आणि एकदम मला दिसले की, ही रीत मी दुसरीकडे पाहिली आहे.

रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली जे कुलूप बनविले, त्याची दुसरी किल्ली काढण्याची रीत म्हणजे कुट्टक. सांगतो. दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. गुणाकार ३३; हा जगजाहीर करा. प्रत्येकीतून एक वजा करून गुणा, २ गुणिले १०, म्हणजे २०. हा मनात ठेवा. लावायची किल्ली ३, तीही जगजाहीर. उघडायची किल्ली अशी हवी की, तिला ३ ने गुणून २० ने भागले तर बाकी १ उरावी. ती ७. आता ४ हा आकडा पाठवायचा तर त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. निरोप गेला ३१. माझ्याकडे आला की त्याचा सातवा घात करायचा, ३३ ने भागायचे, बाकी ४. कुलूप लावणे कुणालाही जमते. उघडणे ज्याला २० ठाऊक त्यालाच, आणि २० त्यालाच ठाऊक ज्याला ३३ चे अवयव ठाऊक. हे अवयव चौथीतला मुलगाही सांगेल, हे खरे. व्यवहारात जो गुणाकार घेतात तो सहाशे सतरा अंकांचा असतो. तिघांनी १९७७ साली १२९ अंकांची संख्या आव्हान म्हणून जाहीर केली होती, ती १९९४ साली जगभरच्या शेकडो संगणकांनी मिळून फोडली. म्हणून आता संख्या मोठी. पुढेमागे निराळ्या जातीची गणनयंत्रे येऊन याही संख्या फोडतील या धास्तीने २०२४ साली अमेरिकेने नव्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली आहेत. त्यांचे गणित अजून मला झेपलेले नाही.

पण ३३ झेपले होते, म्हणून ते फळ्यावर मांडले. 'क' म्हणजे १, 'ख' म्हणजे २, असे 'स' म्हणजे ३२ पर्यंत. ३३ मध्ये 'ह' बसत नाही. वर्गात एकच हशा झाला. आता गुरुजींना 'आहे' लिहिताच येणार नव्हते. एका मुलीने ३१, १५ अशी चिठ्ठी पाठविली, मी सातवा घात करून 'घर' वाचले, टाळ्या पडल्या. मग वहीवाल्या मुलाची चिठ्ठी आली : २३, ३२. मी फळा भरून गणित केले. उत्तर आले २३, ३२. 'बस'. २३ चा घन करून ३३ ने भागले तर बाकी २३ च उरते, ३२ चीही तीच गत. त्याने असे आकडे घरून शोधून आणले होते. 'बस' हा शब्द कुलूप लावूनही उघडाच माझ्यापर्यंत चालत आला होता.

"आणि गुरुजी," तो म्हणाला, "'घ'चे दर वेळी ३१ च होते. मग हे तुमच्या त्रिकोणासारखेच झाले ना?"

झाले खरे. सहाशे सतरा अंकांची संख्या घेऊन एकेक अक्षर पाठविले तरी 'घ'चा जो आकडा होईल तो दर वेळी तोच होणार, आणि मोजणारा मोजीत बसणार. भास्कराचार्यांचा कुट्टक, केर्कहॉफ्सचा नियम, तिघांचे कुलूप, इतके सगळे खर्ची घालून मी पुन्हा सकळ लिपीच लिहिली होती. या दुखण्यावरचे औषध गोल्डवासर आणि मिकाली यांनी १९८२ साली सांगितले : प्रत्येक अक्षराबरोबर दर वेळी मनमानी काहीतरी मिसळा, म्हणजे तेच अक्षर दर खेपेला निराळे दिसेल. जे पुस्तक मी दोनदा वाचल्याचे अभिमानाने सांगत होतो, त्यात हे असूनही मी वगळून गेलो होतो, कारण ते वाचताना काही अडले नव्हते. आकडेमोड करायला घेतल्यावर अडले.

मग आम्ही मूळ संख्या मोठ्या घेतल्या, १०१ आणि ११३. गुणाकार ११४१३. मनात ठेवायचा आकडा ११२००, लावायची किल्ली पुन्हा ३. ११२०० ला ३ ने भागले की बाकी १ उरते, भागाकार ३७३३. तो ११२०० मधून वजा केला की उघडायची किल्ली ७४६७. कुट्टकाची एकच पायरी, आणि ती मुलांनी केली. एवढा मोठा घात काढायला शाळेतला संगणक लावला. अक्षराच्या आकड्यामागे प्रत्येकाने आपल्या मनाने दोन आकडे जोडायचे, असे ठरले. 'म' म्हणजे २५. कुणी २५१७ करील, कुणी २५८३. उघडल्यावर मागचे दोन आकडे पुसून टाकायचे.

पस्तीस चिठ्ठ्या आल्या. उघडून पाहिल्या तर एकोणीस जणांनी मागे आपापला हजेरी क्रमांक जोडला होता. सहा जणांनी शून्य-शून्य. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने घरून लूडोचा फासा आणला.